गाळ्यातला खांब

कराडजवळ मलकापूरला माझ्या धाकट्या भावाचं घर आहे. आमच्या भागात जमीन अधूनमधून हलते, आणि हलली की माणसं हातातला चहा सांभाळत बसून राहतात. मग नातेवाइकांना फोन जातो, "हाललं का?" पलीकडून उत्तर येतं, "व्हय, भांडी वाजली." विषय संपला. लग्न होऊन मी सांगलीला आले, आणि नोकरी मिळाली ती नेमकी बांधकामाचे नकाशे तपासायची. तेव्हापासून या फोनची मला धास्तीच बसली आहे.

भाऊ फौजेतून रिटायर होऊन आला आणि त्याच्या डोक्यात गाळा शिरला. खाली भाड्याचं दुकान, रस्त्याच्या बाजूला सलग एकच शटर. खालच्या भिंती त्याने पाडूनही टाकल्या. मध्ये येत होता एक खांब. दुकान बघायला आलेला माणूस म्हणाला, हा काढा, लगेच भाड्याने घेतो. भावाने तोडणारा माणूसही सांगून ठेवला. वर दोन मजले, आणि त्यात आई राहते.

कळल्यावर मी रजा टाकून निघाले. एसटीत जीव थाऱ्यावर नव्हता.

"खालच्या भिंती तर पाडल्यासच, आता खांबही काढणार? परवानगी कुणी दिली?" मी दारातच विचारलं.

"घर माजं हाय," तो म्हणाला. "आक्का, ह्या घरानं कोयनेचं किती धक्कं खाल्लं. कुटं चीर हाय का दाव. पास झालंय ते."

आमच्या भागाची चूक ती हीच. बारीक धक्के सोसले म्हणजे घर परीक्षेत पास झालं, असं आम्ही धरून चालतो. मी त्याला समजावायला गेले आणि भांडूनच बसले. लहान धक्क्यात घराला काही होऊ नये, एवढ्यावर सरकारचा नियम थांबत नाही. मोठ्या धक्क्यात घर मोडलं तरी चालेल, पण ते एकदम खाली बसू नये.

"आतल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळावा, म्हणून नियम आहे रे."

"तुजं आपलं हापिसातलं काय तरी," तो म्हणाला.

मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. परक्यांचे नकाशे मी बेधडक परत पाठवते आणि सख्ख्या भावापुढे माझं काही चालत नव्हतं. राग राग झाला नुसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर चहा घेत होतो, तेव्हा भांडी वाजली. मी जिन्यापर्यंत पळाले. भाऊ बसूनच हसला. आई मात्र कप खाली ठेवून जिन्याकडे बघत होती. तिच्या लहानपणी मोठ्या भूकंपात पाटणकडचं त्यांचं घर बसलं, त्यात तिची बहीण गेली. आता गुडघ्यांमुळे तिला एकेक पायरी जड जाते.

"काढ बाबा तुजा खांब," ती भावाला म्हणाली. "पर माजं हातरूण त्या खांबाच्या जागी टाक. मला काय जिना उतराय व्हायचं न्हाई."

चहा तसाच ठेवून भाऊ खाली गेला आणि तोडणाऱ्या माणसाला त्याने नको म्हणून कळवलं. आता गाळ्याला दोन छोटी शटरं आहेत, मध्ये खांब.

परवा त्याचा फोन आला. "हाललं का?"

"हो. तुम्ही कुठे आहात?"

"रस्त्यावर," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "आक्का, आईला खाली आणाय लय येळ लागला गं."