ऑरिनची निवृत्ती आणि आर्डिसचा विमा

आमच्या काउंटीत बर्फ हटवायचा ट्रक चालवणाऱ्यांत ऑरिन हॉल्वर्सनइतका काटेकोर माणूस नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना ऐकवायचा. पासष्टी जवळ आली तसा तो मेडिकेअरच्या मागे लागला. म्हातारपणी सरकार देतं तो हा विमा मूळचा ठेवायचा आणि वर खाजगी पुरवणी विमा घ्यायचा, की खाजगी कंपनीच्या स्वस्त योजनेत शिरायचं, याचा त्याने वर्षभर कीस पाडला. सकाळी कॅफेत कॉफी पिताना दुसरा विषय नाही.

"फुकट दात, फुकट जिम बघून भुलू नका," तो म्हणायचा. "उद्या मोठं दुखणं आलं की ते म्हणतील, आमच्याच डॉक्टरकडे जा. मग बसा बोंबलत."

सल्ला तसा खराच होता. त्याने मूळचा विमा आणि पुरवणी घेतली. वाचनालयात मोफत माहिती द्यायला बसणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, "आणि तुमच्या बायकोचं काय?"

"तिचं सगळं झालंय," असं म्हणून हा उठला.

त्याची बायको आर्डिस माझी शेजारीण. वय एकसष्ट. तिला संधिवात, तोही सांधे वाकडे करणारा. दर महिन्याला डुलुथच्या दवाखान्यात तिला सलाईनमधून औषध द्यावं लागे. ते वेळेवर मिळालं की ती चर्चमधला ऑर्गन वाजवायची. उशीर झाला की चहाचा कप धरता यायचा नाही. या औषधाचा खर्च आजवर ऑरिनच्या नोकरीतल्या विम्यातून निघत होता.

ऑक्टोबरात काउंटीच्या ट्रक-गॅरेजमध्ये त्याचा निरोपसमारंभ झाला. केक होता, कॉफी होती. ऑरिन भाषणात म्हणाला, "पोरांनो, डोकं वापरा. माझ्या बायकोला विचारा, तिला कसली काळजी आहे का? सगळं मी बघून ठेवलंय." आर्डिस कौतुकाने हसली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

नोव्हेंबरात तिच्या औषधाचा दिवस आला. औषधानंतर तिला ग्लानी येते, म्हणून कोणीतरी गाडी चालवायला लागतं. ऑरिन मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला गेला होता, तेव्हा नेहमीसारखी मीच गेले.

काउंटरवरच्या मुलीने कार्ड दोनदा तपासलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, हे बंद झालंय."

"मशीनची चूक असेल. माझा नवरा या बाबतीत फार काटेकोर आहे."

मुलीने फोन लावला, बराच वेळ ऐकलं. "त्यांची नोकरी संपली तेव्हाच हेही संपलं. मेडिकेअर त्यांचं एकट्याचं असतं हो. तुम्हाला तुमची पासष्टी होईपर्यंत मिळणार नाही."

मागे रांग होती. आर्डिसचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने कार्ड पर्समध्ये ठेवायचा प्रयत्न केला, ते खाली पडलं आणि तिच्या बोटांना उचलता येईना. मी उचललं. परतीच्या वाटेवर ती एवढंच बोलली, "कॅफेत कुणाला सांगू नकोस."

ऑरिन घरी आला तेव्हा मी तिला सूप गरम करून देत होते. तिने सांगितलं. तो आधी हसला, "छे! असं कसं होईल?" मग त्याने काउंटीच्या कार्यालयात फोन केला. बोलता बोलता तो खुर्चीत बसला. डोक्यावरची शिकारीची भडक नारिंगी टोपी काढायचंही त्याला सुचलं नाही.

"वर्षभर घोकत होतास," आर्डिस म्हणाली. "एकदाही माझं नाव डोक्यात आलं नाही?"

मलाच तिथे उभं राहवेना, मी निघून आले.

जुना विमा स्वतः पैसे भरून चालू ठेवता येत होता, पण तो हप्ता त्याच्या पेन्शनला झेपणारा नव्हता. नवीन घ्यावा तर त्या औषधाची मंजुरी पहिल्यापासून मिळवायची, त्यात महिने जाणार. तेवढ्यात कडाक्याची थंडी पडली आणि आर्डिसची बोटं आखडली. ऑरिन तिच्या कोटाची बटणं लावायचा, ताटातलं मांस कापून द्यायचा. चर्चमध्ये कोणी ऑर्गनचं विचारलं तर सांगायचा, "तिला जरा फ्लू झालाय." तीन रविवार फ्लूच. कॅफेत तो फिरकेनासा झाला.

शेवटी तो गॅरेजमध्ये टॅमी युन्टुनेनकडे गेला. टॅमीला ट्रक चालवायला त्यानेच शिकवलं होतं; आता ती मुख्य होती.

"काय हो ऑरिन, घरी करमेना?"

"मला परत घे."

"चेष्टा करताय?"

"आर्डिसचा विमा गेला. माझ्यामुळे."

टॅमीने दार लोटून घेतलं. "तुमचा ट्रक दिला हो दुसऱ्याला. पूर्णवेळ कामाची एकच जागा आहे. कचरा डेपोवर."

"विमा आहे ना त्यात?"

"आहे. पण ऑरिन, शनिवारी सगळं गाव आपापला कचरा घेऊन येतं तिथे."

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

पहिल्याच शनिवारी कॅफेतला रॉय पिकअप घेऊन आला. "अरे! डोकं वापरणारे साहेब इथे कुठे? बायकोने घराबाहेर काढलं वाटतं!"

ऑरिनने त्याच्या गाडीतली फुटकी खुर्ची उतरवून घेतली. "लोखंड तिकडे, लाकूड इकडे," एवढंच म्हणाला. पुढच्या गाडीत मी होते. माझी पिशवी घेताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही आरशात काहीतरी बघत असल्यासारखं केलं.

फेब्रुवारीत विमा सुरू झाला, औषधही. आर्डिसचे हात बरेच सुटले, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी ती वाकडीच राहिली. ऑर्गनवर आता दुसरी बाई बसते.

डुलुथला मात्र आता तोच तिला नेतो, रजा काढून. एकदा वाटेत तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला होता, "आर्डिस, मी फार वाईट केलं." ती म्हणाली, "हो." मग तिने हीटर वाढवायला सांगितला, त्याने वाढवला.

हे तिनेच मला सांगितलं. मी विचारलं, "माफ केलंस का?"

"अजून नाही," ती म्हणाली. "पण त्याचा डबा भरते मी. दिवसभर थंडीत उभा असतो तो."