भागरताबाईचं लुगडं निळं नव्हतं

आबाजी आज सकाळी मेले.

"वारले" लिहिणार होतो. पण ते स्वतःच म्हणायचे, "मेला म्हण बे. सोपं पडते."

माझे पणजोबा. शंभरीला टेकलेले.
घर अर्जुनी मोरगावला. मी इथं हैदराबादकडे, एका गोदामात. ठेकेदार म्हणाला, गेलास तर परत येऊ नको. हे माझं चौथं काम, तेही सोडून गेलो असतो.
पण गाडी उद्याची अन् माती आज दुपारीच.

म्हणून इथं लिहून राहिलो.

इंग्रज जायच्या आधी आबाजी नागपुरात एका फोटोवाल्याकडे कामाला होते. तेव्हा रंगीत स्लाइड निघायची. कागदावरचा फोटो नाही. फिल्मचा छोटा तुकडा, उजेडाकडे धरून पाहायचा.

मालक म्हणाला, तुझ्या भागात फिर. नवेगावचा बांध, जंगल, रातभर चालणारी मंडईची जत्रा, सगळं काढून आण. दोन रोल समोर ठेवले. एक उन्हाचा, एक दिव्याचा. यातला एकच ने.

आबाजीची गोष्ट इथवर आली की मी दर वेळी विचारायचो, "कोणता नेला?"

"दिव्याचा."

"काऊन?"

"जंगलात ऊन कुठं रायते? मंडईत गॅसबत्ती. दिव्याचा रोल कमी उजेडातबी धकते. अन् दिवसा वरून नारिंगी काच लावली का रंग बराबर येते. फिरत्या माणसाले असा रोल पाहिजे, कुठंबी चालणारा. तुझ्यासारखा नाही, कुठंच न टिकणारा."

टोमण्याशिवाय त्यांचं बोलणं संपायचं नाही.

फिरून घरी आले तेव्हा रोलमध्ये शेवटचा एक फोटो उरला होता. दिवस बुडायला आलेला. पणजी, म्हणजे भागरताबाई, तळ्याच्या पाळीवर उभी. कडेवर माझे आजोबा.

नारिंगी काच उजेड खाते.
लावली तर बाई काळी येणार.
काढली तर सगळंच निळं येणार.

"मंग?"

"मंग काय. तिलेच विचारलं, तोंड पाहिजे का लुगड्याचा रंग? ती म्हणे, लुगडं तं तुम्ही पाहूनच राहिले."

काच काढली.

फिल्म धुवायला परदेशी जायची. कितीतरी महिने लागायचे.
स्लाइड आली तेव्हा भागरताबाई नव्हती. तापानं गेली.

बाकी स्लाइड मालकानं ठेवल्या. ही एक आबाजीला दिली.
चेहरा बरोबर ओळखू येतो. हसू दाबून उभी आहे.
पण पाळ निळी, पाणी निळं, लुगडं निळं.

तिचा फोटो एवढाच. त्यामुळं पितृपक्षातल्या नवमीला तिच्या नावानं सवाशिणीला लुगडं द्यायचं, ते आमच्या घरात निळंच.
आबाजी खाटेवरून ओरडायचे, "निळं नव्हतं बे! हिरवं होतं. धानाच्या पऱ्ह्यासारखं!"
काकू हसायची. "बुढ्याले आता रंग समजत नाही."

नवरा गेला की ती नवमी बंद होते.
म्हणजे हिरवं लुगडं राहूनच गेलं.

सकाळीच भावाला फोन केला.
"सुधाकर, बाजारातून हिरवं लुगडं आण. आबाजीच्या अंगावर टाक."
"पागल झाला का? माणसाच्या अंगावर बाईचं लुगडं? काका मारतीन मले."
"टाक म्हणतो ना."
त्यानं फोन कापला.

मी शेडच्या मागं जाऊन बसलो. कामात हात चालत नव्हता.

दुपारी त्याचा फोटो आला. अंगणात ताटी, म्हणजे तिरडी. आबाजी. छातीवर घडीचं लुगडं.

निळं.

डोकंच फिरलं. फोन लावला. "निळं काऊन आणलं बे?"
"हिरवंच आहे. वर निळी ताडपत्री बांधली, तिचा उजेड पडून राहिला. काकानंच घडी नीट केली. चाल ठेव, उचलून राहिले."

फोटो पुन्हा उघडला. अंगण निळं, ताटी निळी, लुगडं निळं.
आबाजीचं तोंड मात्र बरोबर आलंय.

जा आबाजी.
हिरवंच आहे. मी विचारून घेतलं.