मामा आणि पिसांचा मुकुट

माझ्या मामाला खोटं बोलता येत नसे. पाहुण्यांसमोर जेवताना तो बिनदिक्कत म्हणायचा, "आज भाकर कच्ची राहिली." मामी शेजारीच बसलेली असायची. भात घरात आलं की आमच्या गावी, उधव्यात, नाच सुरू व्हायचा, आणि तारपा वाजवायला मामाच. एकदा सरपंच नाचात उतरले. मामाने भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य तोंडातून काढलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "पाय चुकतो तुमचा. बाजूला उभं राहून बघा आधी."

मी मुंबईत नट झालो. माझी पहिली मालिका बघून त्याचा फोन आला. "तू रडत होतास ना? मामीला वाटलं, दाढ दुखते."

मी मात्र खोटं बोलण्यात तरबेज झालो होतो. गाव विचारलं की "डहाणू" म्हणायचो. समोरच्याला वाटायचं, समुद्राकाठी चिकूची वाडी असेल. मी वाटू द्यायचो. उधवा आणि वारली हे शब्द तोंडून कधी निघाले नाहीत. पाच वर्षं गावाकडे फिरकलोही नव्हतो.

मग एका मालिकेचं शूटिंग तलासरीजवळ लागलं. मला आदिवासी तरुणाची भूमिका मिळाली. मेकअपवाल्याने मला होतो त्याहून काळा केला, डोक्यावर पिसांचा मुकुट चढवला, कमरेला प्लास्टिकची पानं बांधली. तारपा वाजवायला स्थानिक माणूस बोलावला होता. जीपमधून उतरला तो मामा. इस्त्रीचा शर्ट, फुलपँट, पायात बूट.

दिग्दर्शकाने त्याला खालीवर न्याहाळलं. "काका, तुम्ही आदिवासी वाटत नाही हो." मग माझ्याकडे बोट केलं. "असं दिसायला पाहिजे."

मामा माझ्याभोवती एक फेरी मारून आला. "हा कुठला पक्षी?"

सगळे हसले. "ओळखता की काय याला?" दिग्दर्शकाने विचारलं.

मी मुकुट सारखा करू लागलो. मामाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही. टीव्हीवर बघितलाय."

त्याने आयुष्यात बोललेलं हे एकच खोटं मला माहीत आहे.

शॉट सुरू झाला. शिकवल्याप्रमाणे मी भाला उंचावून उड्या मारू लागलो. तारपा थांबला.

"पाय चुकतो," मामा म्हणाला.

"काका, त्याला मुंबईच्या डान्स मास्तरने शिकवलंय."

मी मुकुट काढला. "नाही सर. खरा नाच मला यांनी शिकवलाय. हे माझे सख्खे मामा. मी इथला, उधव्याचा. वारली आहे."

मग दिग्दर्शक कपाळावर हात मारून ओरडला, "अरे, मग आधी सांगायचं ना!" दुपारनंतर मामाच दिग्दर्शक झाला. पिसं गेली, पानं गेली, भाला गेला. शेवटी खरा दिग्दर्शकही हौसेने रांगेत शिरला, आणि मामाने त्यालाही बाजूला उभं केलं.

मामा जाऊन आता दोन वर्षं झाली. मला राहून राहून आठवतं ते त्या संध्याकाळचं अंगण. मी त्याच्या मागून चाललो होतो, पाऊल अडखळत होतं. मामीने आतूनच विचारलं, "कोण आलंय?"

"आपला पोऱ्या," मामा म्हणाला. "पाणी तापव जास्तीचं. बराच रंग काढायचाय."