आप्पांचा बॅनर

मृत्यूपुढे सगळे सारखे असतात. लातूरला आमच्या फ्लेक्सच्या दुकानात मात्र श्रद्धांजलीचे बॅनर चार साईझमध्ये मिळत, आणि कोणत्या घराला कोणता साईझ शोभेल हे आमचे वडील, आप्पा, गिऱ्हाइकाच्या चपला पाहून ठरवत. कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि नंबर असे. श्रद्धांजलीवरून तरी तो काढा, असं कुणी म्हटलं की आप्पा म्हणत, "मयत तुमचं असंल, बॅनर आमचा हाय."

इष्टलिंगाची पूजा आटोपली की कपाळावरच्या विभूतीसकट आप्पा दुकानात येत आणि छपाईच्या मशीनचं शाई सोडणारं हेड धूत. सिरिंजनं चारही रंगांच्या वाटांतून शाई विरघळवणारं सॉल्व्हंट सोडायचं, कापडानं अलगद टिपायचं, मग टेस्ट प्रिंट काढायची. बारीक रेघांच्या त्या पट्टीत एखादी रेघ तुटली, तर तिथलं नोझल, म्हणजे शाईचं छिद्र, बुजलं असं समजायचं. मशीन नुसतं पडून राहिलं की शाई आत वाळते, म्हणून सणाला शटर बंद असलं तरी हे चुकत नसे. दिवाळीत घरच्यांच्या आधी हेडची आंघोळ होई. नांदेडहून सुट्टीला गेलो की मी मदतीला पुढे व्हायचो. "तू वाचत बस," आप्पा म्हणायचे.

मे महिन्यात आप्पा गेले. आम्हा लिंगायतांत सुतक नसतं. माती देऊन आलं की दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला धर्माची हरकत नाही. पण काकांनी सांगितलं, मयताच्या नावानं घालायचं गणाराधनेचं जेवण होईपर्यंत दुकान बंद.

दुकान सांभाळणारा माझा धाकटा भाऊ म्हणाला, "काका, शटर खालीच ठेवतो. निस्तं हेड धुऊन येतो."

"बाप मातीत गेला अन् तू मशीन धुवायलास? लोक काय म्हणतील?"

"आपल्यात सुतक न्हाई की."

"आपल्यात न्हाई. गल्लीत हाय ना."

भाऊ बसून राहिला. भेटायला येणारे आप्पांच्या कष्टाळूपणाबद्दल बोलत, आणि त्या कष्टांतलं रोजचं काम तेवढं होत नव्हतं. सकाळी ते उरकू दिलं असतं, तर दुःख काही कमी पडलं नसतं, असं मला अजून वाटतं.

गणाराधनेच्या आदल्या दिवशी भावानं शटर उघडलं. आप्पांचा बॅनर आप्पांच्याच मशीनवर काढायचा, एवढा एकच हट्ट त्यानं धरला होता. फोटोही त्यानंच निवडलेला. आप्पा त्यात हसत नाहीत, पण हसण्याच्या बेतात आहेत. टेस्ट प्रिंटमध्ये गुलाबी रेघा जवळजवळ नव्हत्याच, बाकीच्या तुटक. त्यानं सॉल्व्हंट सोडलं, हेड भिजत ठेवलं, पुन्हा सोडलं. शेवटी बॅनर काढला तर आप्पा हिरवट आले, डोळ्यांवरून पांढरे पट्टे.

"लांबून कुणाला दिसतंय?" काका म्हणाले.

भावानं तो गुंडाळून कपाटावर ठेवला.

संध्याकाळी आम्ही रस्ता ओलांडून समोरच्या फ्लेक्सवाल्याकडे गेलो. धंद्यावरून आप्पा त्याच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हते. त्यानं खुर्च्या दिल्या, हातातलं काम थांबवून आमचं लावलं आणि अवघडून विचारलं, "कोपऱ्यातला नंबर काढू का, भैया?"

भाऊ स्क्रीनवरच्या आप्पांकडे पाहत राहिला.

"ऱ्हाऊ द्या. आप्पांनी कधी कुणाचा काढला न्हाई."

दुसऱ्या दिवशी आप्पा चौकात स्वच्छ, ठळक दिसत होते. खाली कोपऱ्यात समोरच्याचा नंबर होता, आणि नंबरखाली: लग्न, वाढदिवस व उद्घाटनाचे बॅनर तात्काळ मिळतील.