गारगोटीची साडेपाचची गाडी

सर्व्हर बंद करण्याआधी ती बसल्या जागीच पर्स खांद्याला अडकवायची. मग म्हणायची, "एवढंच एक बघते, सर. साडेपाचची गाडी हाय."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शिवाजी पेठेतल्या आमच्या तीन खोल्यांच्या ऑफिसात दूध संस्थांसाठी जावा या संगणकाच्या भाषेत वेबसाइट बनवायचं काम चालायचं. ती आमच्याकडची प्रोग्रॅमर, रोज गारगोटीहून यायची. साडेपाचची एसटी चुकली की घरी पोचायला अंधार. असं दोनदा झालं होतं. आणखी एकदा झालं तर नोकरी बंद, असं सासऱ्यांनी बजावलेलं.

साहेब मी. अशा साहेबाच्या हाताखाली तुम्हीही काम केलं असेल. माझा नियम असा, की एक ओळ बदलली तरी सगळा प्रोग्रॅम नव्यानं बांधायचा, सर्व्हर बंद करायचा, नवी प्रत चढवायची, पुन्हा सुरू करायचा. दहा मिनिटं जायची. तेवढ्यात आम्ही पुरुष मंडळी खाली जाऊन फुटबॉलवर भांडून यायचो. ती घड्याळाकडे बघत बसायची.

एकदा न राहवून म्हणाली, "खिळा बदलायला घर पाडायचं व्हय, सर?"

मग तिनं छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा मदतनीस प्रोग्रॅम, लिहिली. बदललेली फाइल तेवढीच चालत्या सर्व्हरवर जायची. दोन सेकंदांत बदल समोर.

मला ते इतकं आवडलं, की एका दुपारी मी स्क्रिप्टही गाळली आणि थेट सर्व्हरवरच्या प्रतीतच दूध नोंदणीचं पान दुरुस्त करत बसलो. पाचला शेजारच्या टेबलावरच्यानं जुन्या पद्धतीनं, मूळ फाइलींवरून बांधलेली पूर्ण प्रत चढवली. माझी दुपार पुसली गेली. सकाळी संस्थेची माणसं पान बघायला येणार होती.

"मूळ फाइल कुठाय, सर?"

"हीच की!"

"ही न्हवं. हिच्यात तुमचं काहीच न्हाय."

 तिनं खांद्याची पर्स काढून टेबलावर ठेवली. 'तू जा' हे दोन शब्द मला म्हणता आले असते. साडेसहाला पान पुन्हा उभं राहिलं.

"स्कूटरनं सोडू का?"

"नको सर. त्यानं घरात आणखी वाढंल."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तिला जा म्हणायला तोंड दुखत होतं व्हय तुमचं?"

सकाळी संस्थेची माणसं खूश होऊन गेली. ती आली नाही. तिच्या नवऱ्याचा फोन आला, ती आता कामाला येणार नाही म्हणून. भला माणूस, उलट माझीच माफी मागत होता.

पुढं सगळं ऑफिस तिचीच स्क्रिप्ट वापरायला लागलं. पाचलाच कामं उरकायची, आणि आमच्यातल्या कुणालाच कुठली गाडी गाठायची नसायची.