दादूसची शेवटची लिफ्ट

दादूसला जाऊन दीड महिना झाला. पहिले तेरा दिवस माणसं रडायला यायची. आता हसवायला येतात. ओट्यावर बसतात, चहा घेतात आणि "बाळारामचा एक किस्सा सांगतो" म्हणून सुरू होतात. एकाचा संपला की दुसऱ्याला दोन आठवतात. वहिनी आतून ऐकते, मध्येच हसते आणि मग बराच वेळ एकच भांडं घासत राहते.

दादूस म्हणजे माझा थोरला भाऊ बाळाराम. खाडीकाठच्या आमच्या गावाच्या व्हॉलीबॉल टीमचा कॅप्टन आणि लिफ्टर. त्याला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत गेला. एकोणचाळीसचा होता. अजून मला सकाळी उठल्यावर आधी त्याची हाक ऐकू येते, मग आठवतं.

हे सगळे किस्से फिरून फिरून एकाच वाक्यावर येतात. "जन्मात एकच लिफ्ट चुकली बाळारामची. शेवटची." सगळे माना हलवतात. मीपण हलवतो. तीन वर्षं हलवतोय. आता हलवायची नाही म्हणून लिहायला बसलोय. पण आधी बाकीचे किस्से सांगतो. एकदम त्या किश्श्यावर जायची माझी छाती नाही.

*

सरकारनं नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या तेव्हा आमच्याकडचं मिठागर बंद पडलं. गावातली मोठी माणसं कपाळाला हात लावून बसली आणि पोरांना फुकटचं ग्राउंड मिळालं. जमीन सपाट, कडक, वर मिठाचा पांढरा थर. नेट म्हणून बापाचं जुनं जाळं बांधलं. जाळ्याला लटकलेली पोरं बघून बाप म्हणाला, "इतकी वरसा टाकला, कवा एवढी मासली नाय गावली."

आम्ही तिथंच पडून पडून मोठे झालो, त्यामुळे गुडघा फुटला तरी काही वाटायचं नाही. एकदा वाशीच्या सेक्टरमधली पोरं मॅच खेळायला आली. पांढरे बूट, पांढऱ्या चड्ड्या. त्यांचा कॅप्टन पहिल्याच चेंडूला डाइव्ह मारून पडला आणि असा ओरडला की बांधावरचे बगळे उडाले. गुडघ्याला मीठ लागलं होतं.

"तुमच्याकडे फर्स्ट एडला काय आहे का?" त्यानं रडवेल्या तोंडानं विचारलं.

दादूस म्हणाला, "हाय ना. तेच लागलाय तुला."

*

लिफ्टर म्हणजे काय ते सांगतो. तीन हात मिळतात. पहिला चेंडू घेतो, तिसरा मारतो, आणि मधला जो दोन्ही हातांनी उचलून मारणाऱ्याच्या समोर ठेवतो तो लिफ्टर. कुणाला द्यायचा हे तोच ठरवतो. टाळ्या मात्र चेंडू मारणाऱ्याला मिळतात.

या लिफ्टवरच दादूसला बेलापूर रोडच्या एका कंपनीत नोकरी लागली. रविवारी मात्र तो गावाकडूनच खेळायचा. आई एकदा कंपनीची मॅच बघायला गेली. पूर्ण दोन तास बसली. दादूसनं एकही चेंडू मारला नाही. तिचं तोंड उतरत गेलं. मॅच जिंकल्यावर मोठे साहेब तिला भेटायला आले. आई उठून हात जोडून म्हणाली, "सायेब, त्याला कामावरना काडू नका. घरी पन त्यो असाच हाय, सगला दुसऱ्यांना देतंय. शिकंल मारायला."

साहेबांनी तिला गाडीनं घरी सोडलं. आईला वाटलं, बोलण्याचा उपयोग झाला.

*

गौतम आमचा सगळ्यात चांगला मारणारा. मूळचा जालन्याकडचा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोणी उचलायचा. दोन गोणी घेऊन जिना चढणाऱ्या माणसाचा हात चेंडूवर पडला की काय होतं ते समोरच्यांना विचारा. दादूसनंच त्याला हुडकून आणला.

पहिल्याच मॅचला माठाजवळ धर्माशेठ बसले होते. गावातलं मोठं घर, रेतीच्या चार गाड्या, आणि त्यांचा पोरगा आमच्या टीममध्ये. ते गौतमकडे बघून दादूसला हळू म्हणाले, "त्याचा गलास येगला ठेव."

गौतमनं पाणी पिऊन ठेवलेला ग्लास दादूसनं उचलला, त्यातच पाणी घेतलं, प्याला आणि खेळायला गेला. पहिला सेट सुरू झाला. धर्माशेठच्या पोराला एक चेंडू मिळेना. पोरगा उड्या मारमारून दमला. आम्ही सेट हरलो.

धर्माशेठ चिडून आले. "माज्या पोराला चेंडू का नाय देत?"

दादूस म्हणाला, "काका, चेंडू माज्या हातानं द्यावा लागतो. आनि माजा हात त्या गलासाला लागलाय. तुमच्या पोराला बाटवू कसा?"

धर्माशेठ जागेवर गेले. दुसऱ्या सेटच्या आधी स्वतः उठले, तोच ग्लास भरला आणि एकेकाच्या हातात देत सगळ्या टीमला पाजला. शेवटी म्हणाले, "झाला ना रं आता? पोराला चेंडू दे."

परवा गौतमनं हा किस्सा सांगितला. धर्माशेठ बाजूलाच बसले होते. म्हणाले, "पाजला. पन मॅच जिकली का नाय?"

*

दादूसच्या हळदीच्या दिवशी सेमीफायनल होती. आई म्हणाली, जायचं नाही. दादूस म्हणाला, फक्त दोन तास. अंगाला, हाताला हळद तशीच, कपाळाला मुंडावळ्या नव्हत्या एवढंच. दहा मिनिटांत चेंडू पिवळाधमक झाला आणि हातातून निसटायला लागला. पंचांनी शिट्टी मारली. "हात धुऊन या."

"हळद धुतली तं आई घरात घेनार नाय," दादूस म्हणाला.

पंच चांगला भला माणूस होता. त्याच्या घरीही लग्नाच्या मुली होत्या. त्यानं दोन मिनिटं विचार केला आणि निकाल दिला, "मग समोरच्या टीमलाही लावा. खेळ सारखा झाला पाहिजे."

आमच्या घरून वाटीभर हळद आली. सहाच्या सहा जणांना लावली. आम्ही जिंकलो. पण त्या सहांपैकी तिघांची लग्नं त्याच उन्हाळ्यात जमली, म्हणून ते आजपर्यंत दादूसला मानतात. बाराव्याला तिघंही आले होते.

*

आता माझं.

मी सोळाचा असताना पहिल्यांदा फायनल खेळलो. शेवटचा पॉइंट, दादूसनं चेंडू मला दिला. चेंडू वर पोचायच्या आधीच मी वर पोचलो. मी खाली आलो तेव्हा चेंडू यायला लागला. असा नेटमध्ये अडकलो की दोघांनी सोडवलं.

त्यानंतर दहा वर्षं त्यानं शेवटचा चेंडू मला कधी दिला नाही. मधले द्यायचा, वीस-वीस द्यायचा. पण मॅच अडली की चेंडू गौतमला, नाहीतर धर्माशेठच्या पोराला. सख्खा भाऊ डाव्या कोपऱ्यात हात वर करून उभा, आणि चेंडू पलीकडे. सगळ्या पट्ट्यातल्या टीमना हे पाठ झालं होतं. शेवटाला माझ्यासमोर कुणी ब्लॉकला यायचंच नाही. ठाण्याचा एक उंच पोरगा तर मला म्हणायचा, "तू बस रे, उगीच कशाला दमतोस."

एकदा घरी मी जेवणाचं ताट भिरकावलं. चार दिवस दादूसशी बोललो नाही. वहिनी त्याला म्हणाली, "अहो, द्या ना एकदा भावजींना."

"घरात मांगून भात मिलतो," दादूस म्हणाला. आणि भिंतीवर उडालेला भात स्वतः पुसायला उठला.

मला राग याचा होता की त्याचा माझ्यावर भरवसा नाही. तो राग मी दहा वर्षं जपला. त्याच दहा वर्षांत त्यानं मला दोनदा पोलीस चौकीतून सोडवलं, गाडी शिकवली, कामाला लावलं. ते सगळं मला आता आठवतं. तेव्हा फक्त चेंडू दिसायचा.

*

दादूस छत्तीसचा झाला आणि म्हणाला, ही फायनल शेवटची. वाशीच्या ग्राउंडवर मॅच, दुपारची. आमचं अख्खं गाव टेम्पो भरून आलेलं. समोर ठाण्याची टीम.

पाचवा सेट. ते चौदा, आम्ही तेरा, सर्व्हिस त्यांची. चेंडू आम्ही मारला तर सर्व्हिस आमच्याकडे येणार, गेला तर खेळ खलास.

पहिला चेंडू धर्माशेठच्या पोरानं सुंदर घेतला. दादूस नेटखाली आला. गौतम उजवीकडून पळत सुटला. ठाण्याचे तिघंही ब्लॉकर त्याच्यासमोर गेले. माझ्यासमोर नेट मोकळं. एवढं मोकळं नेट मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आणि दादूसनं चेंडू मला दिला.

तशी लिफ्ट त्यानं कुणालाच कधी दिली नसेल. नेटपासून हातभर, माझ्या खांद्याच्या रेषेत, वर जाऊन जरा थांबल्यासारखी. एखादं लहान मूल उडी मारून मारू शकलं असतं.

मी उभा होतो. हात कमरेवर. मी गौतमकडे बघत होतो.

चेंडू माझ्या पायाजवळ पडला.

ज्या लिफ्टला कुणी उडीच मारत नाही ती लांबून चुकलेलीच दिसते. सगळं ग्राउंड हळहळलं. कुणीतरी म्हणालं, "वय झालं बाळारामचं." दादूसनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं एक हात वर केला, छातीला लावला आणि पंचांना, टीमला, गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "माजी चूक."

मी तोंड उघडलं नाही. गौतमनं मला पाहिलं होतं. तोपण बोलला नाही.

गाव टेम्पोनं गेलं. आम्ही दोघं बसनं निघालो. तो खिडकीशी, मी बाजूला. नाका गेला, कंपनीचं गेट गेलं. मग बाहेर बघतच त्यानं विचारलं, "चेंडू कसा होता रं?"

"बरोबर होता, दादूस," मी म्हणालो. "एकदम बरोबर होता."

"मनापन तसाच वाटला," तो म्हणाला. खिडकीला डोकं टेकलं आणि दोन मिनिटांत झोपला.

गावाचा स्टॉप आला. मी त्याला उठवलं नाही.