खळीला आलेली बुरशी

ती घटना आठवली की आजही हसू येते, आणि पाठोपाठ संतापही. कापसाच्या तेजीने अकोला नुसते माजले होते. मी तिथे फौजदार होतो. पुढे तरुणपणीच नोकरी सोडून पत्रके काढू लागलो, त्याचे मूळ याच प्रकरणात आहे.

खबर आली की कापूस बाजारातली भाकरवाली गाडीवानांना बुरसलेले पीठ खाऊ घालते. खबर देणारा शेजारचाच खानावळवाला; त्याच्या दारी कुत्रेही फिरकत नव्हते! तरी पंचनामा झाला, पोते जप्त झाले. पिठाच्या दोन पिशव्या बांधल्या. एक ठाण्यात ठेवली, दुसरी बैलगाडीने अमरावतीला सरकारी डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांची रीत न्यारी. उकळून निववलेल्या पाण्यात चिमूटभर पीठ कालवायचे, त्याचा थेंब खरबुजाच्या ताज्या फोडीवर सोडायचा, वर काचेचे भांडे पालथे घालायचे. काही दिवसांनी उगवलेले बुरशीचे ठिपके मोजायचे. तुलनेला त्यांच्या घरच्या पिठाची फोड. निकाल आला: घरच्या फोडीवर तुरळक ठिपके, भाकरवालीच्या फोडीला चक्क दाढी.

म्हणजे बाईला तुरुंग. कोठडीत जाऊन मी विचारले, "मावशी, खरं सांग."

"काय सांगू बापा? रोज दळते, रोज खपते. बुरशी याले पीठ उरलं पाह्यजे ना! गाडीवान तर परात चाटून राहिले."

"मग बुरशी आली कुठून?"

"मले कावून इचारता? माह्या घरून गेलं तवा कोरडं होतं. मंग थे तुमच्याच घरी होतं!"

हवालदार खेकसला. मी मात्र ठाण्यातली पिशवी मागवली. तोंडाशी लाखेची मोहोर नव्हती.

"लाख कुठाय?" मी हवालदाराला विचारले.

"सायेब, बाजारात लाखच नाई. कापसाच्या नमुन्यायले मोहोर माराले व्यापाऱ्यायनं सारी नेली. मी गव्हाची खळ लावली. मस्त थापली, कंजुषी नाई केली!"

पिशवी उघडली. खळ जिथवर झिरपली होती तिथवर कापड हिरवे.

मग पोत्यातले पीठ कोरड्या बाटलीत भरले, आणि सोबत एक रिकामी पिशवी, तशीच खळ थापून, डॉक्टरांकडे पाठवली. बाटलीतल्या पिठाची फोड डॉक्टरांच्या घरच्या पिठासारखीच निघाली. रिकाम्या पिशवीचे कापड बुडवलेल्या पाण्याच्या फोडीवर मात्र मेळघाटचे जंगल उगवले होते!

बाई सुटली. दुसऱ्या दिवशी हवालदारापुढे भाकरी ठेवून म्हणाली, "खाय दादा. संगं ठेचा देऊ का खळ?"

ठाणे हसले. वरचे साहेब हसले नाहीत. त्यांनी लेखी विचारले, रिकामी पिशवी तपासायला कोणाच्या हुकमाने पाठवली? निरपराध बाई कोठडीत का बसली, हे मात्र कोणी विचारले नाही! मी तेव्हापासून एकच गोष्ट छापतो आहे: आरोपीच्या मालाला दोष देण्याआधी सरकारने आपली रिकामी पिशवी तपासून घ्यावी.